एक बाळंतीण

लोक म्हणतात, सरांचं शब्दांवर पोटच्या लेकरांसारखं प्रेम होतं. भाषणांत म्हणतात, लेखांत म्हणतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. मी त्यांच्या हाताखाली ऐन उमेदीची वर्षं काढली आहेत. प्रेम होतं, नाही कोण म्हणतं? पण ज्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी उचलले, त्या माणसांवर त्या प्रेमाचा शिंतोडाही कधी उडाला नाही. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. हात आता थरथरतो. राग थरथरत नाही.

आमचं काम कोशाचं, सर त्याचे संपादक. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी, पण नुसते अर्थ सांगणारा कोश नव्हे. कोणत्या इंग्रजी शब्दाबरोबर कोणता शब्द नांदतो, हे सांगणारा. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' म्हटलं की ऐकणारा हसतो. मुलं अर्थ घोकतात आणि जोड्या चुकतात, म्हणून हा खटाटोप. अशा जोडीच्या शब्दांना आम्ही 'सोबती' म्हणायचो. साध्या शब्दाचे सोबती मोजके. पण काही नामं अशी की एकाच दारामागे दोन-तीन बिऱ्हाडं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं येणं-जाणं वेगळं. ती नामं आमचा जीव खायची, आणि आवडायचीही तीच.

छापखान्याच्या वरची लांबलचक खोली होती आमची. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या दौतींची झाकणं किणकिणायची. भिंतभर लाकडी खण, खणांत चिठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचा आंबूस वास. खिडकीजवळच्या टेबलासाठी आम्ही लहान पोरींसारख्या भांडायचो. टायपिस्टला आम्ही 'टकटक' म्हणायचो. तिची बोटं थांबली की खोलीत कोणीतरी गेल्यासारखं वाटायचं. उपसंपादकांना सगळे 'होयबा' म्हणत, अर्थात पाठीमागे. सरांनी 'हो' म्हणण्याआधीच त्यांची मान हललेली असायची. त्या खोलीत मी जेवढी हसले तेवढी पुढे आयुष्यात कुठेच हसले नाही. तेही खरं आहे, आणि तेही सांगायला हवं.

सरांची एक शिस्त होती. प्रत्येक सोबत्यापुढे आपल्या भाषेतलं एक वाक्य द्यायचं, आणि ते वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं असलं पाहिजे. टेबलावर बसून रचलेलं चालायचं नाही. "'मुलगा पुस्तक वाचतो' असलं मढं माझ्या कोशात नको," ते म्हणायचे, "मला जिवंत वाक्य हवं." म्हणून प्रत्येकीच्या पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्या. बसमध्ये, शिंप्याकडे, दवाखान्यात, लग्नात, कुठेही कान उघडे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव नसायचं, नुसती ओळख असायची: एक शिंपी, एक शेजारीण, बसमधला तापट गृहस्थ. माझी आई म्हणायची, "हिच्यापुढे बोलायचं म्हणजे फौजदारापुढे जबानी द्यायची."

दर शनिवारी वाचन. ज्याने नोंद तयार केली त्याने उभं राहून ती वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. आक्षेप कोणीही घ्यावा, अगदी टकटकनेसुद्धा. पण आक्षेपाचं कारण एकच चालायचं: 'असं कोणी बोलत नाही.' वाक्य खोटं वाटलं तर बाद. कोणी काही बोललं नाही की होयबा 'मान्य'चा शिक्का मारत, आणि नोंद खाली कंपोझिटरकडे जायची. आम्हाला या पद्धतीचा फार अभिमान होता.

माझ्या दादाची बायको माझ्या शेजारच्या टेबलावर होती. मीच तिला तिथे चिकटवली होती. वहिनींचा कान असा होता की बाजारात उभ्या राहिल्या तर दहा बायकांच्या कलकलाटातून नेमकं हवं ते वाक्य वेचून आणायच्या. घरी त्या मला 'वन्सं' म्हणायच्या, ऑफिसातही तेच म्हणायच्या. तिथे जरा ठसक्यात, सगळे हसावेत म्हणून.

'लेबर' हा शब्द सरांनी वहिनींना दिला तेव्हा त्यांना सातवा महिना होता. "शब्द योग्य हातात पडला," असं म्हणून सर हसले. आम्हीही हसलो. वहिनीही हसल्या. तीन बिऱ्हाडांचा शब्द. एकात श्रम राहतात, दुसऱ्यात श्रम करणारी माणसं, तिसऱ्यात बाळंतपण. हार्ड लेबर, चीप लेबर, लेबर पेन्स, सगळे एकाच नावाच्या पाटीखाली. वहिनींनी पहिल्या दोन बिऱ्हाडांच्या चिठ्ठ्या भराभर जमवल्या. तिसरं मागे ठेवलं. "ते घरचंच कार्य आहे," म्हणाल्या, "आटपून आले की लिहिते."

आटपून आल्या, पण बाळ नव्हतं. पूर्ण दिवसांचं, हातापायाने नीट, जन्मलं तेच श्वास न घेता.

घरात आईने फर्मान काढलं, कोणी विषय काढायचा नाही. बोललं की जखम चिघळते. दादाने शेजाऱ्यांकडून आणलेला पाळणा शेजाऱ्यांना परत नेऊन दिला आणि आल्यावर विचारलं, "आज वर्तमानपत्र आलं नाही का?" मला दादाचाही राग आला होता. पण त्याचा चेहरा बघितला की तो राग गिळावा लागायचा. वहिनी काहीच बोलायच्या नाहीत. रजा संपायच्या आधीच त्या कामावर आल्या.

कपाटांच्या मागे आमचा चहाचा कोपरा होता. एक स्टोव्ह, एक मोरी, कान तुटलेले कप. वहिनी परतल्या त्याच आठवड्यात तिथे आम्ही तिघी होतो. टकटकने अगदी साधेपणाने विचारलं, "वहिनी, फार त्रास झाला का हो?"

एवढ्या दिवसांत हे विचारणारी ती पहिली. वहिनी आमच्याकडे पाठ करून कप विसळत होत्या. पाणी चालूच ठेवून त्या म्हणाल्या, "सगळ्या कळा दिल्या, आणि शेवटी खोलीत कोणीच रडलं नाही."

टकटकने तोंडाला पदर लावला. मी वळले तर कपाटाशी सर उभे. हातात रिकामा कप. त्यांनी तो हळूच फळीवर ठेवला आणि खिसे चाचपायला लागले. मला वाटलं, रुमाल शोधताहेत. मनात म्हटलंसुद्धा, माणूस वरून रुक्ष, पण आतून ओला आहे. मग ते आल्या पावली निघून गेले.

रुमाल नव्हते शोधत.

त्या शनिवारी सर स्वतः वाचायला उभे राहिले. "लेबर फार रेंगाळला आहे. बाई रजेवर होत्या, म्हणून मीच पुरा केला." वहिनींनी चमकून पाहिलं; त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सरांनी पहिलं बिऱ्हाड वाचलं, दुसरं वाचलं, वहिनींचीच वाक्यं, छान वाक्यं, मंडळी हसली. मग त्यांनी चष्मा पुसला, आवाज जरा खाली आणला.

"लेबर पेन्स. प्रसूतीच्या कळा. वाक्य: 'सगळ्या कळा दिल्या, आणि शेवटी खोलीत कोणीच रडलं नाही.' वक्ता: एक बाळंतीण."

आणि वर मान करून म्हणाले, "काय वाक्य आहे! एक अलंकार नाही. असं टेबलावर बसून सुचत नाही मंडळी, असं मिळावं लागतं."

मी वहिनींकडे बघू शकले नाही. त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज तेवढा ऐकला.

"आक्षेप?" होयबांनी शिक्का उचललेलाच होता.

"आहे," मी म्हणाले.

"बोला बाई," सर म्हणाले. "असं कोणी बोलत नाही?"

"बोलतात की नाही हा प्रश्नच नाही सर. हे वाक्य तुमचं नाही."

"कोशातलं कुठलंच वाक्य माझं नसतं. तेच तर आपलं वैशिष्ट्य."

होयबा हसले. एकटेच.

"ते चहाच्या कोपऱ्यातलं बोलणं आहे. आमचं आपसातलं."

"तुम्ही मागे शिंप्याच्या दुकानातून वाक्य आणलंत, ते शिंप्याने काय सभा भरवून सांगितलं होतं? तेही त्याचं आपसातलंच." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचाच मला जास्त संताप आला. "नाव कुठे आहे यात? 'एक बाळंतीण'. जगात रोज किती बाळंत होतात."

"बाळंतिणीला बाळ असतं सर," टकटक पुटपुटली. सरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

ते वहिनींकडे वळले, अगदी मायेने वळले. "बाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. वाक्य खोटं असेल तर सांगा. पेन हातात आहे, आत्ता खोडतो."

खाली यंत्र बंद होतं. खोली अशी शांत की बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली तेही कळलं. वहिनींनी नुसती मान हलवून 'खोटं आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना ढोसत होते, म्हणा, म्हणा.

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या.

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

होयबांनी शिक्का मारला. त्याचा तो 'थप' मला आजही ऐकू येतो, आणि आजही वाटतं, उठावं आणि तो शिक्का त्यांच्याच टाळक्यात हाणावा.

घरी जाताना रस्त्यात मी वहिनींवरच उखडले. "एक शब्द बोलायचा होता! खोटं आहे म्हणायला जिभेला काय झालं होतं तुमच्या?"

त्या चालतच राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरात सगळे तेच म्हणताहेत वन्सं. काही झालंच नाही म्हणून. तुमचे दादा, आई, शेजारी. झालं म्हणणारी मी एकटी उरलेय. मीपण नाही म्हणू?"

"मग छापू दे म्हणता?"

"नको!" त्या एकदम थांबल्या. मागून येणारा माणूस आमच्यावर आदळता आदळता वाचला. "पोरं घोकतील ते. पोरं कशी घोकतात माहिती आहे ना? हेल काढून, पाय हलवत. परीक्षेत गाळलेल्या जागा भरा म्हणून येईल. मला ते नको आहे. पण खोटं बोलून नको आहे."

'लेबर'ची नोंद पुढच्या आठवड्याच्या अखेरीस खाली जाणार होती. एकदा अक्षरांचे खिळे जुळवून छापलं की संपलं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"तुम्ही भावनेच्या भरात आहात," ते म्हणाले. "मी समजू शकतो. पण भाषा कोणाच्या मालकीची नसते बाई. बोललेला शब्द हवेत गेला की सगळ्यांचा."

"हवेत नव्हता गेला. आमच्या दोघींच्या कानांत गेला होता. मधे तुम्ही आलात."

"आणि म्हणून तो टिकला! विचार करा जरा. दुःखं सगळ्यांच्याच वाट्याला येतात. इतक्या नेमक्या शब्दांत कायम राहण्याचं भाग्य किती दुःखांना मिळतं?"

भाग्य म्हणाले. हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही.

"सर, इतके खण आहेत आपले. तुमच्या घरातलं एक वाक्य मला दाखवाल त्यात?"

ते मनापासून हसले. "आमच्या घरी टिपण्याजोगं काही घडत नाही. आमचा संसार शांत आहे."

तिथून मी तडक बाहेर पडले ती सरांच्याच घरी गेले. सर ऑफिसात होते, दुपारची वेळ होती. काकूंना आम्ही सगळ्याच ओळखत होतो. सरांचा डबा घेऊन त्या यायच्या आणि जिन्यात बसून राहायच्या, कारण हातातलं पान संपल्याशिवाय सर जेवत नसत आणि मधेच हाक मारलेली त्यांना खपत नसे. आम्ही 'आत या' म्हटलं तर म्हणायच्या, "नको गं, जिना माझ्या ओळखीचा झालाय."

त्या सरांच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. मी काही आडपडदा ठेवला नाही. झालेलं सगळं सांगितलं. काकूंनी इस्त्री उभी केली.

"त्या पोरीचं वाक्य आहे होय ते? परवा घरी आले ते म्हणाले, आज एक रत्न सापडलं. मी विचारलं कुठे, तर म्हणाले चहाच्या कोपऱ्यात. मला वाटलं, मोरीत कोणाची कुडी पडली असेल." त्या हसल्या नाहीत. "आणि त्या रात्री दोनदा जेवण वाढून घेतलं. एवढे खूश."

"काकू, सर म्हणाले तुमचा संसार शांत आहे."

"आहे की. दोघांपैकी एकानेच बोलायचं ठरलं की घर शांतच राहतं." त्यांनी बाही उलटी केली. "तू आलीस कशाला, ते सांग."

"तुमची वाक्यं मागायला. लेबरची. तुम्ही बोललेली, खरी. शनिवारी सगळ्यांसमोर वाचीन, आणि टिकली तर छापली जातील. नको म्हणालात तर आत्ता उठून जाईन, आणि ऐकलेलं कुठे बोलणार नाही. घेऊ का?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "घेऊ का, असं विचारतेस?"

"हो."

"या घरात माझ्याकडून बऱ्याच गोष्टी गेल्या बाई. विचारून नेणारी तू पहिली." त्यांनी अंगावर उडालेली ठिणगी झटकावी तसा हात झटकला. "काढ तुझ्या चिठ्ठ्या. ते तुमचे सोबती की कोण, ते एकेक सांग. आणि कोपऱ्यात ते 'एक गृहिणी' वगैरे लिहायचं नाही. सरळ लिही, संपादकांची पत्नी."

त्या दुपारी इस्त्री गार झाली आणि शर्ट तसेच राहिले.

शनिवारी सर खुशीत होते. वाचन संपत आलं तशी मी उभी राहिले. "लेबरमध्ये भर आहे सर." नोंद खाली जाईपर्यंत तिच्यात नवी जिवंत वाक्यं घालायची मुभा असे, ती सोय सरांनीच केलेली.

"वा. वाचा."

"हार्ड लेबर. सक्तमजुरी. वाक्य: 'सक्तमजुरीवाल्याला निदान सुटकेची तारीख तरी सांगतात.'"

"छान!" सर म्हणाले. होयबांची मान हलली.

"चीप लेबर. स्वस्तातले मजूर. वाक्य: 'मोलकरीण महाग पडते म्हणून दुसरी ठेवली नाही, पहिली मीच.'"

खोली हसली. सरही हसले. "ठसका आहे! कोण आहे ही बाई? हिच्याकडून आणखी आणा."

"आहे आणखी सर. डिव्हिजन ऑफ लेबर. कामाची वाटणी. 'आमच्यात वाटणी चोख आहे: ते विचार करतात, मी बाकीचं करते.'"

टकटक फिदीफिदी हसत टेबलावर वाकली. होयबा हसता हसता सरांकडे बघायला विसरले, एवढे हसले.

"आणि लेबर पेन्स. प्रसूतीच्या कळा. वाक्य: 'थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी हाक मारली, तर हे म्हणाले, एवढं पान होऊ दे.'"

आता कोणी हसलं नाही. सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायला विसरल्यासारखं.

"वक्ता?" होयबांनी सवयीने विचारलं. शिक्का हातात.

"संपादकांची पत्नी."

होयबांनी शिक्का खाली ठेवला. मग, तो नोंदीवरच ठेवला आहे हे बघून, पुन्हा उचलला.

"हे खोटं आहे," सर म्हणाले.

"म्हणजे सर, आक्षेप नोंदवायचा का?" टकटकने विचारलं, टाइपरायटरवर बोटं ठेवून. ती पोरगी भोळी होती की महाबिलंदर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "'असं कोणी बोलत नाही', असं लिहू?"

"खोटं कुठलं?" दारातून आवाज आला. काकू डबा घेऊन जिना सोडून आत आल्या होत्या, पहिल्यांदाच. "नेमकं सांगा, मी सुधारून देते. पान नव्हतं का ते? दोन पानं होती?"

"तू घरी जा."

"जाते. वाक्य खरं की खोटं तेवढं सांगा, नियम आहे ना तुमचा. ही मुलगी मला विचारून घेऊन गेली आहे. मी दिलीत."

सरांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे. जणू त्या खणांतून कोणीतरी बाहेर येऊन त्यांची बाजू घेणार होतं. मग ते काकूंना म्हणाले, आवाज अगदी खाली आणून, पण खोली शांत होती, सगळ्यांना ऐकू आलं, "अगं, हे आपल्या घरातलं आहे."

वहिनी इतका वेळ खिडकीशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"माझंही घरातलंच होतं, सर."

सरांनी पेन काढलं. वहिनींचं वाक्य त्यांनी असं खोडलं की कागद फाटला आणि निब वाकली. क्षमा मागितली नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. मला म्हणाले, "तुम्ही कोशाचं नुकसान केलंत." मी म्हणाले, "होऊ दे." एवढेच दोन शब्द सुचले. चांगली उत्तरं मला नंतर वर्षानुवर्षं सुचत राहिली.

"माझी वाक्यं राहू देत हं," काकू म्हणाल्या आणि डबा टेबलावर ठेवला. "जेवून घ्या. गार होतंय."

होयबा अडखळत म्हणाले, "सर, लेबर पेन्सपुढे मग... बाईंनी दुसरं वाक्य दिलं तर..."

"मी देणार नाही," वहिनी म्हणाल्या. "काकूंचं आहे ना. मान्य करा."

सर काही बोलले नाहीत. नियमाप्रमाणे, न बोलणं म्हणजे संमती. शिक्का बसला. त्या कोशाच्या ज्या काही आवृत्त्या निघाल्या त्या सगळ्यांत 'एवढं पान होऊ दे' आहे, आणि पोरांनी ते घोकलंही असेल, हेल काढून, पाय हलवत. काकू अभिमानाने दाखवायच्या म्हणे येणाऱ्याजाणाऱ्याला.

खोडलेल्या वाक्याची चिठ्ठी मात्र होयबा नेहमीसारखी खणात टाकायला निघाले. बाद झालेली चिठ्ठीसुद्धा आम्ही फेकत नसू. वहिनींनी हात पुढे केला.

"अहो बाई, चिठ्ठी कार्यालयाची मालमत्ता असते."

वहिनींनी ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली, घडी केली आणि पर्समध्ये टाकली. होयबांनी सरांकडे पाहिलं. सर डब्याचं झाकण उघडत होते. ते उघडत नव्हतं.

रस्त्यात मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. गटार दिसलं तशी म्हणाले, "वहिनी, फाडून टाका इथेच. कटकट गेली."

"फाडू कशाला?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला काही समजतच नाही. "सरांचं अक्षर आहे, पण बोलणं माझं आहे. ज्यांना सांगायचं होतं त्यांना अजून सांगितलंच नाही मी. भलत्यांनीच आधी ऐकलं."

घरी आलो तेव्हा दादा नुकताच येऊन चपला काढत होता. आई शेजारी गेली होती. दादाने नेहमीसारखं विचारलं, "आज लवकर कशा?" आणि उत्तराची वाट न बघता वर्तमानपत्राकडे हात नेला. वहिनींनी ते वर्तमानपत्र त्याच्या हाताआधी उचललं.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "मला बोलायचंय. उठायचं नाही मधे."

दादा बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. दार जुनं, पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि माझा कान तर त्यासाठीच तयार झालेला. मी नळ सोडला, धुतलेली भांडी पुन्हा मोरीत घातली आणि एकेक आपटत घासत सुटले. मधेच पलीकडून दादाचा आवाज आल्यासारखा वाटला, तेव्हा मी परात घेतली.